माझ्या पाठीवरच्या अटी

मित्रांनो, मला खुशाल हातात घ्या, पण एवढ्यात उलटा करू नका. मला माझ्या पाठीची फार भीती वाटते.

मी एक जुना, जाड कागद आहे. प्लास्टिकमध्ये कायमचा बंद झालो आहे. लोक मला कूपन म्हणतात. समोरून बघाल तर मी देखणा आहे. माझ्यावर एक निळी आरामगाडी आहे, तिच्या मागे डोंगर आहेत आणि वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'नवलाई सुपर शॉपीत खरेदी करा, अर्ध्या भाड्यात प्रवास करा'. खाली चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत सोनेरी सूर्याचं चित्र चिकटवलेलं आहे. हे सगळं बघून माणसं खूश होतात. मी मात्र जन्मापासून घाबरत आलो आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका छापखान्यात झाला. शाईचा वास अजून अंगावरून गेला नव्हता, तोच आम्हाला कापायच्या यंत्राखाली ठेवलं. पातं खाली येताना मी डोळे मिटून घेतले. मग आमचा गठ्ठा बांधला. तुम्हाला एक गंमत सांगतो. आम्हा कागदांना स्वतःची पाठ दिसत नाही, पण गठ्ठ्यात पुढच्याची पाठ अगदी नाकासमोर असते. माझ्या पुढच्या भावाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. वेळ जात नव्हता म्हणून मी ते वाचत बसलो. तिथे अटी होत्या. कूपनावर काउंटरवरच सही आणि शिक्का झाला पाहिजे. नोंदणी आरामगाडी चालवणाऱ्या सोनकी टूर्सच्या साताऱ्यातल्या कचेरीतच होईल. आणि सगळ्यात खाली, 'दसरा व दिवाळीच्या दिवसांत ही सवलत मिळणार नाही.'

दसरा म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? भावाच्या पाठीवर आहे तेच आपल्याही पाठीवर असणार, एवढं मात्र कळलं.

शॉपी नवीन होती. दारात फुगे लावले होते. गल्ल्यावरच्या माणसाने मला दीपमालाच्या पिशवीत टाकलं आणि तिथून मी कुपवाडला आलो. दीपमालाचा नवरा महेंद्र तिथल्या कारखान्यात लेथ चालवायचा. घरात तिसरी होती त्याची आई, पारूबाई. शॉपीत मोठी खरेदी केली की एक सूर्य मिळायचा. सगळ्या चौकटी भरल्या की मी खरं कूपन होणार होतो. घरात मला बुद्धाच्या तसबिरीमागे जागा मिळाली. एवढा मान कुठल्या कागदाला मिळतो? मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच संध्याकाळी मी पारूबाईचं बोलणं ऐकलं आणि दसरा म्हणजे काय ते मला कळलं.

पारूबाईला नागपूरला जायचं होतं. दीक्षाभूमीवर, आणि तेही दसऱ्यालाच.

छप्पन सालच्या दसऱ्याला तिचे मालक, आबा, गावच्या माणसांबरोबर दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. पारूबाईने भाकरी बांधून दिल्या आणि ती मागे राहिली, कारण महेंद्र नुकताच जन्मला होता. आबा परत आले ते वेगळेच होऊन आले. मान ताठ, आवाज खणखणीत. मरेपर्यंत ते त्या दिवसाचं सांगत राहिले आणि पारूबाई ऐकत राहिली. पुढे दर दसऱ्याला काहीतरी आडवं येत गेलं. कधी दिराचं दुखणं, कधी मजुरीचे दिवस, शेवटी आबांचंच आजारपण.

"समद्यांनी बघितलं, मी निस्तं ऐकलं," ती म्हणायची. हे ऐकलं की महेंद्र खाली बघायचा. आपल्या जन्मामुळे आईचं जाणं राहिलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

आणि आता घाई होती. मिरजेच्या डॉक्टरांनी पारूबाईच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला होता. थेंब घालत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही, असं ते म्हणाले होते.

दसरा जवळ आला तशी वस्तीतली माणसं निघायची तयारी करू लागली. सांगलीहून थेट रेल्वे होती. पारूबाईने लुगडी काढून ठेवली.

"आये, औंदा ऱ्हाऊ दे," महेंद्र म्हणाला. "कूपन अजून भरायचं हाय. फुडल्या दसऱ्याला तुला गादीच्या शीटवर बसवून नेतो."

"समदी रेल्वेनं चाललीत की रं."

"त्या गर्दीत तुझं गुडघं टिकायचं न्हाईत. आन् अर्ध्या भाड्यात आरामगाडी मिळतीया, मग कशाला हाल?"

पारूबाईने तसबिरीकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडेच बघितलं. मग तिने लुगडी परत ट्रंकेत ठेवली.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. बाई, थांबू नका! माझी पाठ वाचा! पण कागदाला आवाज नसतो. तो फक्त वाचला जातो, आणि मला कुणी वाचत नव्हतं.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष. दीपमाला सूर्यांसाठी शॉपीत जायची आणि नको त्या वस्तू घेऊन यायची. कस्टर्डची पावडर आली. वासाच्या साबणांचा ढीग झाला. टोमॅटो सॉसची बाटली आली, तर ती कशाशी खायची हे कुणाला कळेना. महेंद्रने भाकरीला लावून बघितली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "लय ग्वाड हाय." सगळे हसले. मी हसू शकलो नाही. एकेक सूर्य माझ्या अंगावर बसत होता आणि एकेका सूर्याबरोबर त्यांचा माझ्यावरचा भरवसा वाढत होता.

पारूबाई रोज सकाळी तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची. मग आपले डोळे तपासायची. आधी डावा झाकायचा आणि उजव्याने ज्योत बघायची, मग उजवा झाकून डाव्याने. मी तसबिरीमागून डोकावून तिच्याकडे बघत असे. पावसाळ्यातल्या एका सकाळी तिने उजवा डोळा झाकला आणि ती तशीच उभी राहिली.

"दीपमाला," तिने हाक मारली, "मेनबत्ती इजली का गं?"

दीपमाला चुलीपासून उठून आली. ज्योत सरळ उभी होती, जराही हलत नव्हती.

"न्हाई आत्या. जळतीया की."

पारूबाईने ज्योतीच्या दिशेने हात पुढे केला. दीपमालाने तो धरला. घरातल्या प्रत्येकाला त्या दिवशी भीती वाटली, पण ती त्यांनी एकमेकांना सांगितली नाही. महेंद्र तेवढा सारखा म्हणत राहिला, "दसरा आलाच आता. कूपन हाय आपल्याकडं."

त्याच पावसाळ्यात मला कसर लागली. माझा एक कोपरा तिने खाल्ला. महेंद्रने ते बघितलं आणि तो घामाघूम झाला. आईची सगळी आशा या कागदावर, आणि कागदच किडा खातोय! त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, लुनावर बसून तडक सांगलीच्या बाजारात आणलं आणि एका झेरॉक्सच्या दुकानात दिलं. त्या काळी लॅमिनेशनचं भारी वेड होतं. शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, जे जपायचं ते लोक प्लास्टिकमध्ये घालून आणत. दुकानदाराने मला प्लास्टिकच्या दोन पातळ पानांमध्ये ठेवलं आणि तापलेल्या रुळांमध्ये ढकललं. अंग भाजून निघालं. श्वास कोंडला. पलीकडून बाहेर आलो तेव्हा मी चकाकत होतो आणि महेंद्र हसत होता.

"आता काय बी हुनार न्हाई हेला," तो म्हणाला.

आणि मला भावाच्या पाठीवरची पहिली अट आठवली. सही आणि शिक्का. माझ्यावर आता शाई बसणार कशी?

नोंदणी साताऱ्यात होते, एवढं शॉपीत सांगितलं होतं, म्हणून दसऱ्याच्या आठवडाभर आधी तिघंही एस.टी.ने साताऱ्याला निघाली. पारूबाईने नवं लुगडं नेसलं होतं. मी तिच्या चंचीत, पानसुपारीच्या शेजारी. कऱ्हाड आलं, उंब्रज आलं, आणि गाडी पुढे जाईल तशी माझी घाबरगुंडी वाढत गेली. एखाद्या पुलावर गाडी बंद पडावी, असं मी मनात म्हणत होतो. पण ती बरोबर वेळेवर पोचली.

सोनकी टूर्सच्या कचेरीत पंखा फिरत होता. काउंटरवरच्या माणसाने माझ्यावरचे सूर्य बघितले आणि मान हलवली. त्याने शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, मग माझ्यावर मारला. शिक्का उमटला. महेंद्रच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या माणसाने सहज अंगठा फिरवला आणि शिक्का पुसला गेला. त्याने परत मारला. परत पुसला गेला.

"हे लॅमिनेट कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी. का वो?"

"अहो, शिक्का कागदात मुरायला पाहिजे. असं कूपन आम्हाला चालत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याने खणातून ब्लेड काढलं आणि माझा कोपरा खरवडला. प्लास्टिक सुटलं, पण त्याच्याबरोबर माझ्या गाडीचं एक चाकही निघून आलं. मी मनातल्या मनात किंचाळलो. त्याने ब्लेड ठेवून दिलं. "मागं लिहिलंय सगळं. वाचून घ्या."

महेंद्र कपाळाला हात लावून बाकावर बसला. "मीच केलं. माझ्याच हातानं वाटूळं केलं," तो पुटपुटत होता. दीपमालाने मला उचललं.

मित्रांनो, तिने मला उलटा केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

ती खिडकीशी गेली आणि उजेडात एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. शिक्क्याची अट वाचली. साताऱ्याची अट वाचली. मी मरणाच्या भीतीने थिजलो होतो. शेवटच्या ओळीवर ती अडखळली. "दसरा व दिवाळीच्या दिवसांत..." पुढचं तिने हळू वाचलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हंजी शिक्का बसला असता तरी न्हाई?" महेंद्रने विचारलं.

"नाही," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "त्या दिवसांत पूर्ण भाडं. आणि खरं सांगू का, या गाडीचं अर्धं भाडंसुद्धा रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्तच पडतं."

आता मला फाडतील, असं मला वाटलं. फाडावंच, असंही वाटलं.

पारूबाईने पदराने डोळे पुसले. ती महेंद्रवर रागावली नाही. काउंटरच्या दिशेने तोंड करून ती एवढंच म्हणाली, "एक वरीस थांबले वो, ह्या कागदापायी. वरसात डावा डोळा गेला. त्येची सवलत कोन देनार?"

मग तिने चाचपडत महेंद्रचा खांदा शोधला. "ऊठ रं. वस्तीतली मानसं कंच्या रेल्वेनं जात्यात? त्याच रेल्वेनं जायाचं. गुडघं माझं हाईत, मी बघीन."

परतताना महेंद्र मला एस.टी.च्या खिडकीतून फेकणार होता. पारूबाईने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. वारा घ्याया हुईल."

आणि खरंच, त्या रेल्वेत मी पंखा झालो. डबा माणसांनी भरून गेला होता, पण वस्तीतल्या बायकांनी पारूबाईला खिडकीशी जागा करून दिली. कुणी चटणी-भाकरी दिली, कुणी तिचे गुडघे चेपले. ती मला हलवत होती आणि माझी धाकधूक चालूच होती. एक डोळा गेला आहे. दुसऱ्याला नळीतून बघावं तसं मधलं तेवढंच दिसतं. नागपूर येईपर्यंत तेही गेलं तर?

दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र होता. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. स्तूपाचं काम तेव्हा अजून चालू होतं. दीपमालाने पारूबाईची हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं. "आत्या, ह्ये बघा. समोरच हाय."

"न्हाई दिसत गं. निस्ता उजेड डोळ्यांत घुसतोय."

महेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझंही काळीज थांबलं. एवढं येऊन शेवटी हेच?

तेव्हा पारूबाईने हातातलं कूपन, म्हणजे मला, कपाळाला आडवं धरलं. माझी सावली तिच्या डोळ्यावर पडली. मग तिचं डोकं हळूहळू हलू लागलं. आधी खाली पाया, मग पायऱ्या, मग वरची गोलाई. एका वेळी जेवढं दिसेल तेवढं ती बघत होती आणि पुढे सरकत होती. ओठांतून पुटपुटत होती, "ह्ये आबांनी सांगितल्यालं नव्हतं. तवा ह्ये नव्हतं. आता हाय." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तरी तिचा हात खाली आला नाही. मी तिच्या कपाळाला टेकून होतो आणि तिच्याबरोबर बघत होतो. आयुष्यात तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिची नजर पूर्ण गेली. पण मी अजून तिच्या उशाशी आहे. वस्तीतली पोरं कुठलंतरी कूपन, कुठल्यातरी बक्षिसाचा कागद घेऊन तिच्याकडे येतात. "आज्जी, बघ, फुकाट सहल हाय!" ती हात पुढे करते, कागद चाचपते आणि म्हणते, "चित्र ऱ्हाऊ दे. आदी पाठ वाच." मग पोरं अडखळत बारीक अक्षरं वाचतात, आणि ती मान हलवत ऐकते.

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला देवासारखं जपलं. म्हणून तुम्हाला माझं मागणं वेगळं आहे. माझ्यासारख्या कागदाला एवढं जपू नका. जपायचं तर ज्याला कुठं जायचं आहे त्याला जपा, आणि त्याचा दिवस आला की त्याला आमच्यासाठी थांबवू नका.

माझ्यावरची मुदत केव्हाच संपली. बोलायचं होतं ते बोलून झालं. आता मला उलटा करा.