डावीकडे फिरलेला बाण

आधी एका पत्राची गोष्ट सांगते, कारण ते पत्र दोन वर्षं माझ्या पाठीला टेकून होतं. साधं निळं आंतरदेशीय पत्र. पुन्हा पुन्हा उघडून त्याच्या घड्या विरल्या होत्या. ज्याला ते आलं होतं, त्याला त्यातली प्रत्येक ओळ पाठ होती. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. आंब्याच्या लाकडाची, दोन हात लांब. माझ्या एका अंगाला पिवळा बाण रंगवलेला आहे. मला सगळं नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. मला जेवढं दिसलं आणि ऐकू आलं, तेवढं सांगते.

माझं गाव हिरडेवाडी. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे. गावात वाचनालय सुरू झालं, तेव्हा घोडेगावचे दुकानदार फतेचंदशेठ यांनी पुस्तकांसाठी एक कपाट करून दिलं. ते भिमाजी सुताराने बनवलं. रंधा मारून झाल्यावर एक डोळा मिटून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही फळी लई सरळ हाय. हिला वरच्या खणात बसवा." त्याचे ते शब्द मला पुढे फार टोचले.

वाचनालय रामनाथ नाना सांभाळत. एकटा जीव. पुस्तकांशी जेवढं बोलत, तेवढं माणसांशी बोलत नसत. कुणी मोठ्याने हाक मारली तरी चष्मा पुसायला लागत. पण कोणतं पुस्तक कुणाला द्यावं हे त्यांना बरोबर कळे. माझ्यावरची पुस्तकं ते रोज फडक्याने पुसत आणि पुसून झाल्यावर माझ्यावरूनही फडकं फिरवत. माझी ती वर्षं सुखाची होती. मग कपाटाला वाळवी लागली. बाकीच्या फळ्या भुसा होऊन गेल्या, मी कशी वाचले कोण जाणे. नानांनी मला पुसून भिंतीशी उभं केलं. काम नसलेली वस्तू होऊन मी तिथे राहिले.

अशात एका वर्षी आमच्या डोंगरात धावण्याचा महोत्सव भरायचं ठरलं. अकरा, पंचवीस, पन्नास आणि शंभर किलोमीटर, तेही डोंगरवाटांनी. त्याची सभा वाचनालयातच झाली. शेजारच्या ठकूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"शंभर किलोमीटर पळायचं?" त्या म्हणाल्या. "का बरं? मंचरची एस्टी बंद झाली का काय?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त हसली तेजस्विनी. ती मंचरकडची, बावीस-तेवीस वर्षांची. स्वतः धावायची, आणि डोंगरात सरावाला आली की नानांकडून पुस्तक घेऊन जायची. पन्नास किलोमीटरच्या वाटेवर खुणा लावण्याचं काम तिच्याकडे होतं. पुढच्या वर्षी सगळ्या वाटा तीच पाहणार आणि शंभर किलोमीटरही धावणार, असं महोत्सवाच्या समितीने सभेत सांगितलं, तेव्हा तिचे कान लाल झाले.

"कापडी फिती बांधल्या तर शेळ्या खातात," ती म्हणाली. "निदान देवराईच्या फाट्यावर तरी लाकडाची पाटी पाहिजे. नाना, ही फळी घेऊ का?"

नानांनी मान हलवली. तिने तिथल्या तिथे माझ्यावर पिवळा बाण रंगवला. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं होतं. मी मनातून किती फुलले, हे सांगायला लाज वाटते.

पण त्या सभेत आणखी एक गोष्ट घडली. वाट राईतून जाणार होती. आमच्या गावाची ती देवाची राई. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही, आणि पायात काही घालून आत जात नाही. नवरीसुद्धा राईच्या कडेला चपला काढून हातात घेते. बाहेरच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. गावातल्यांना वाटलं, कुणीतरी सांगितलंच असेल. "आणखी कुणाला काही सांगायचंय का?" असं समितीच्या माणसाने विचारलं, तेव्हा नानांच्या खिशात राईच्या रीतीबद्दल तीन वाक्यं लिहिलेला कागद होता. त्यांनी तो चाचपला. अर्धवट उठले. तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि सभा संपली. तो कागद नंतर त्यांनी एका पुस्तकात ठेवून दिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तेजस्विनीने मला फाट्यावरच्या खुंटाला तारेने बांधलं. बाण उजवीकडे, राईच्या वाटेला. दोनदा मागे जाऊन तिने पाहिलं, तिसऱ्यांदा हाताने हलवून पाहिलं. नंतर तिच्याबद्दल लोक काहीबाही बोलले, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिने मला अगदी बरोबर बांधलं होतं.

सकाळी पाण्याचे पिंप घेऊन नाना फाट्यावर आले. पाणी देण्याचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. दव पडलेलं होतं, गवत पिवळं झालं होतं. ते बराच वेळ राईकडे पाहत उभे राहिले. धावत येणाऱ्या माणसाला थांबवून "बूट काढा" म्हणणं त्यांच्याच्याने झालं नसतं. फळी फिरवणं सोपं होतं.

त्यांनी माझी तार सोडली, माझं उजवं टोक डावीकडे फिरवलं आणि पुन्हा बांधलं. माझा बाण डावीकडे झाला.

डावीकडे गुरांची जुनी वाट होती, राईला वळसा घालून पुढे मूळ वाटेलाच मिळणारी. नानांना ती पुस्तकाच्या पानासारखी पाठ होती. पण गुडघ्यांमुळे दहा वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. पावसाळ्यात तिथे दरड कोसळून अर्धी वाट दरीत गेली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिले दोन धावपटू कसेबसे पार गेले. तिसरी प्राची, जुन्नरची मुलगी. "काका, पाणी लई गोड आहे तुमचं," असं म्हणून, माझ्याकडे एकदा बघून ती डावीकडे वळली. थोड्या वेळाने दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग तिची हाक.

गावकऱ्यांनी घोंगडी बांबूला बांधून डोली केली आणि तिला खाली आणलं. गुडघ्याची वाटी फुटली होती. जीव वाचला, पण तिचं धावणं संपलं. डोली माझ्यासमोरून गेली तेव्हा ती रडत नव्हती. "बाण तर इकडेच होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

समितीचे लोक माझ्याभोवती जमले. तेजस्विनी धापा टाकत आली आणि माझ्याकडे पाहून पांढरीफटक पडली.

"मी उजवीकडे लावला होता," ती म्हणाली.

"मग काय वाऱ्याने फिरला?" कुणीतरी म्हणालं. "तार तर हाताने घट्ट पिळलेली आहे, बघ की."

तिने नानांकडे पाहिलं. "नाना, तुम्ही सकाळपासून इथेच आहात ना? कुणी हात लावला का हिला?"

नानांनी चष्मा काढला. पुसला. "न्हाय," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

मित्रांनो, वाट सांगणं हेच माझं काम होतं. पण फळीला ज्या बाजूला फिरवावं, तेवढंच तिला सांगता येतं. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी बोलले असते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खात्रीने हो म्हणता येत नाही.

मला पुन्हा वाचनालयात आणून ठेवलं. महिन्याभराने ते निळं पत्र आलं. नानांनी ते दबक्या आवाजात वाचलं, म्हणून मला कळलं.

"ती. नाना यांस सा. न. तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून पत्र लिहिते. समितीने मला काढलं, त्याचं आता काही वाटत नाही. पण मी बाण कसा लावला होता, हे आता माझं मलाच आठवेनासं झालं आहे. उजवीकडे लावला असं वाटतं, आणि मग प्राचीचा पाय दिसतो. घराचं कुलूप लावलं तरी तीनदा परत येऊन बघते. तुम्ही त्या दिवशी सगळ्यात आधी फाट्यावर आलात. आलात तेव्हा बाण कुठे होता, एवढंच सांगा. चूक माझी असेल तर ती मी घेईन. फक्त मला कळू दे."

नानांनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर कागद ठेवला. 'चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद' एवढं लिहून पेन थांबलं. असं चार वेळा झालं. ते शब्द कागदातून माझ्या अंगावर उमटले आहेत, तिरप्या उजेडात अजून दिसतात. मग नानांनी पत्र माझ्यामागे ठेवलं आणि मला भिंतीशी लावलं. त्यानंतर त्यांनी माझ्यावरची धूळ कधी पुसली नाही. मी समोर दिसू नये असं त्यांना वाटत असावं.

वाचनालयाच्या त्याच भिंतीला बाहेरून पोस्टाची लाल पेटी टांगलेली आहे. माझ्यापासून वीतभर अंतरावर. दोन वर्षं मी लोकांची पत्रं तिच्यात पडताना ऐकली.

मधे एकदा ठकूबाई आळेफाट्याला गेल्या होत्या. परत आल्यावर नानांना म्हणाल्या, "ती पळणारी पोर भेटली. कापडाच्या दुकानात हाय. म्या म्हनलं, पळती का गं अजून? तर म्हनली, न्हाय, मावशी, वाट चुकते माझी."

त्या संध्याकाळी नानांचा चहा तसाच राहिला.

यंदा महोत्सव पुन्हा आला. वाट आता राईला लांबूनच वळसा घालते. प्राचीच्या अपघातानंतर ठकूबाईंनीच समितीला राईची रीत ठणकावून सांगितली होती. ज्या गोष्टीला नानांकडे तीन वाक्यं होती, ती ठकूबाईंनी एकात उरकली होती. आज दुपारी गावातली मुलं वाचनालयात बसून पाट्यांना दोऱ्या लावत होती. नाना कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते.

"दोरी घट्ट बांध रं," पप्पू नावाचा पोरगा दुसऱ्याला म्हणाला. "तेजस्विनी करू नको."

"म्हंजी?"

"म्हंजी बाण उलटा लावू नको. व्हती एक तशी."

सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. तिच्या नावाचा तेवढाच अर्थ आता उरला होता.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. मुलं पाट्या घेऊन निघून गेली.

मग नाना माझ्याकडे आले. दोन वर्षांनी त्यांनी फडकं ओलं करून मला पुसलं, बाणाच्या टोकापर्यंत. मला मांडीवर घेतलं. पाचव्यांदा तेच चार शब्द उमटले. या वेळी पेन पुढे गेलं.

"मी आलो तेव्हा बाण उजवीकडे होता. तू बरोबर लावला होतास. तो मी फिरवला. राईत कुणी बूट घालून जाऊ नये म्हणून फिरवला, पण ते तोंडाने सांगायला मी भ्यालो. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो, आणि तुझं पत्र आल्यावर दोन वर्षं गप्प बसलो. राईचं कारण पहिल्याच गोष्टीला आहे. पुढच्या दोन्हींना कारण नाही. मला माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क वाटत नाही. प्राचीचा पत्ता कळव. तिलाही लिहायचं आहे."

पेन इतकं दाबून चाललं होतं की ती सगळी ओळन् ओळ माझ्यावर उतरली आहे. नानांनी त्याची दुसरी प्रत काढली आणि दाराजवळच्या फळ्यावर, महोत्सवाच्या नकाशाशेजारी, चार टाचण्यांनी लावली. उद्या मुलं ती वाचतील. गावही वाचेल.

मित्रांनो, मला आता भुसा व्हायला फार दिवस नाहीत. जाता जाता एवढंच मागते. वाटेवरच्या पाटीला हात लावाल, तर तिच्याजवळ उभे राहा. येणाऱ्याला तोंडाने सांगा, की ही मी फिरवली आणि यासाठी फिरवली. पाटीच्या मागे लपू नका. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमच्या गप्प राहण्याने दुसऱ्याच कुणाचा तरी पाय मोडतो, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव जातं.

नाना पाकीट घेऊन बाहेर गेले. ठकूबाईंचा आवाज आला.

"कुणाला पत्र, नाना?"

"तेजस्विनीला."

"आत्ता? येवढ्या दिसांनी?"

"उत्तर आहे," नाना म्हणाले. "द्यायचं राहिलं व्हतं."

हल्ली त्या पेटीत फारशी पत्रं पडत नाहीत. त्यामुळे पाकीट सुटलं, तेव्हा ते तळाच्या पत्र्यावर पडल्याचा आवाज मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आला.