मधले छत्तीस फोटो

सोळाशे अकरानंतर एकदम सोळाशे अठ्ठेचाळीस.

दर्शनाने मांडीवरची पोर डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताने माऊस पुन्हा वर नेला. तेच. मधले छत्तीस फोटो नव्हते.

कॅमेरा आपणहून प्रत्येक फोटोला ओळीने नंबर देतो. फोटो पुसला तर तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही, पडलेल्या दातासारखी जागा रिकामी राहते. आणि तिचा नवरा स्वरूप कॅमेऱ्यात काही पुसत नसे. लग्न होऊन ती सापगावात आली, त्याच्या कामाला हात लावू लागली, तेव्हा त्यानेच पहिला नियम सांगितला होता. काढताना पुसायचं नाय, निवडायचं ते घरी, डोकं थंड असताना. निवडायचं काम हळूहळू तिच्याकडेच आलं होतं. पोर झोपली की ती बसायची. पोर उठली की मांडीवर घेऊन बसायची.

लग्न होतं मुरबाडच्या पुढच्या एका गावातलं, ओमकार नावाच्या मुलाचं. नंबर गेले होते हळदीच्या दिवसाचे. आधीचा फोटो मांडवातल्या बायकांचा, नंतरचाही मांडवातल्या बायकांचाच, पण दोहोंच्या वेळेत चाळीस मिनिटांचं अंतर. हळद ऐन रंगात असताना फोटोवाला चाळीस मिनिटं कुठे होता?

तिने विचारलं नाही. संशयाचं एक असतं, विचारला की समोरचा सावध होतो.

मग एकेक दिसायला लागलं. स्वरूप त्या आठवड्यात आणि पुढच्याही आठवड्यात गुरुवारी वाशिंदला म्हणून गेला, लॅबमध्ये, अल्बम टाकायला. दुसऱ्या गुरुवारी दुपारीच लॅबवाल्या दीपेशचा फोन आला, की स्वरूपदादा पंधरा दिवसांत फिरकलेच नाहीत, अल्बम पाठवणार कधी. त्या संध्याकाळी स्वरूप वाल घेऊन आला. शहापूरच्या बाजारात मिळाले म्हणाला. वाल जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले होते, हिरव्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. बाजारात कोण लुगड्यात वाल बांधून देतं? दर्शनाने वाल भिजत घातले आणि तो तुकडा घडी करून कपाटात, आपल्या साड्यांखाली ठेवला.

शिवाय त्याचं ते नवीन बोलणं. कल्याणच्या मोठ्या स्टुडिओने बोलावलं, ड्रोन देतो म्हणाले, महिन्याला आठ लग्नं. हा म्हणाला, नको, आहे ते पुरे. दुसरी भाकरी वाढायला गेलं तर पुरे. नवी लेन्स घ्यायची म्हणून वर्षभर डोकं खाल्लं होतं, तिचं नाव काढलं तरी पुरे. दर्शनाची आई म्हणायची, बाहेर जेवून आलेला माणूसच घरी पुरे म्हणतो गो. आईचं बोलणं आता तिला रोज ऐकू यायला लागलं.

त्यानंतर आठवड्याने ओमकारचा फोन आला. अल्बमसाठी त्याच्याकडे तिचाच नंबर होता. त्याचा आजा, महिपतबाबा, पहाटे गेला होता. मुरबाडच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता, आठ बाय दहा फुटांचा, म्हणून आज्याचा चांगला मोठा फोटो हवा होता.

“वहिनी, लग्नातला एखादा असंल ना? तोंड नीट दिसतंय असा?”

“असंल की. संध्याकाळपत्तुर पाठवते.”

स्वरूप खर्डीला बारशाला गेला होता, फोन लागत नव्हता. तिने सगळं लग्न धुंडाळलं. चौदाशे फोटोंत आजा कुठेच नव्हता. एका फोटोत पांढऱ्या टोपीची कड, एकात पाठमोरा खांदा. नवऱ्या मुलाचा सख्खा आजा, आणि धड एक फोटो नाही? एवढा कुणात गुंतला होता हा?

आता तिला निमित्त मिळालं. अल्बम पोचेपर्यंत त्या लग्नाचं मेमरी कार्ड पुन्हा वापरायचं नाही, हाही स्वरूपचाच नियम. कार्ड बिस्किटाच्या डब्यात जसंच्या तसं होतं. पुसलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअरही त्यानेच शिकवलं होतं, चुकून कुणाचं कार्ड उडालं तर म्हणून. तिने पोरीला मांडीवर घेतलं, कार्ड लावलं. एकेक चौकोन उमटायला लागला. पोर पडद्यावर बोट ठेवून आ, आ करत होती.

पहिल्याच चौकोनात बाई होती.

हिरवं लुगडं. नाकात मोठी नथ. चेहरा धूसर. दर्शनाने तो मोठा करून बघितला. बाई भिंतीवर होती. पोस्टकार्डाएवढी तसबीर, कुठल्याशा ओळखपत्रावरच्या फोटोवरून मोठी केलेली, डोळे-नाक विरघळत चाललेलं, वर सुकलेला हार. तिच्याखाली खुर्चीवर टोपी घातलेला म्हातारा बसला होता.

छत्तीसही फोटो त्याचेच. टोपी सरळ केलेला. हसताना दात नाहीत म्हणून ओठ मिटलेला. डोळ्यांतून पाणी आलेला. मान वर करून तसबिरीकडे बघणारा. शेवटच्यात त्याने तळहात पुढे धरला होता, लेन्सच्या तोंडावर.

दर्शनाने पडदा बंद केला. संशय गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली. म्हाताऱ्याचे फोटो लपवायचे कशाला?

दिवेलागणीला स्वरूप आला. चहा पुढ्यात ठेवून तिने सहज विचारावं तसं विचारलं, मुरबाडच्या लग्नात आज्याचा फोटो नाय काढला तुमी?

त्याने कप खाली ठेवला.

“का?”

“ओमकारचा फोन होता. पाहाटे गेले ते.”

“गेला?” तो कपाच्या कानाशी बोटाने खेळत राहिला. मग बोलला, तिच्याकडे न बघता.

हळदीच्या दिवशी म्हाताऱ्याने त्याला हात धरून माजघरात नेलं होतं आणि दार लावलं होतं. मेल्यावर लावायचा फोटो काढ म्हणाला. मांडव घातलेल्या घरात असलं बोलायचं नसतं, म्हणून कुणाला कळू द्यायचं नव्हतं. फोटो बायकोशेजारी लावायचा, तिच्याएवढाच. ती गेली तेव्हा कुठून तरी एवढाच मिळाला होता. आणि दुसरा एकही मागे ठेवायचा नाही, लग्नातही काढायचा नाही. त्याच्या चुलतभावाचा असाच फ्लेक्स लावला होता नाक्यावर. तेराव्यानंतर कुणीतरी उतरवून नेला आणि पेंढ्याच्या उडवीवर टाकला. तोंड वर, चार महिने पाऊस त्या तोंडावर.

“म्हातारा म्हणाला, मला तसं नको बाबा. मी एक मागितला, तू काढतोस किती? पुरे. मग बाजूला बसवून पुसायला लावले मला. एक तेवढा आधी लॅपटॉपवरून पेनड्राईव्हवर घेऊ दिला. आपल्या पोरीची शपथ घातली, एकबी मागं ठेवायचा नाय, आणि मी जिता हाय तोवर कुणाला सांगायचं नाय.”

मुरबाडलाच एका दुकानात त्याने फोटो छापला आणि पहिल्या गुरुवारी नेऊन दिला. म्हाताऱ्याने परत केला. मोठा आहे, आणि फार चकचकीत. ती बिचारी धुकट आणि मी असा घासूनपुसून, बरं दिसतं का? पुढच्या गुरुवारी तिच्या मापाचा नेला, थोडा फिका करून. म्हाताऱ्याने तो तसबिरीशेजारी धरून पाहिला, मग पेटीत नव्या धोतराखाली ठेवला आणि वाल बांधून दिले.

“बायकोच्या लुगड्यात,” दर्शना म्हणाली.

“तुला काय माहीत?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओमकार होता. पोर स्वरूपच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. बंद पडद्यामागे, हाताच्या अंतरावर, छत्तीस महिपतबाबा बसले होते.

“वहिनी, सापडला का?”

ती खोटं पकडायला बसली होती गेले पंधरा दिवस. आता तोंडात आलं ते तिचं स्वतःचं होतं.

“नाय रे भाऊ. आमच्याकडं एकबी नाय. आजोबांच्या पेटीत बघ, नव्या धोतराखाली. तेवढाच हाय.”

तो म्हणाला, त्यावरून फ्लेक्स होईल का? ती म्हणाली, नाय होणार, फाटंल तो मोठा करताना, तोंडाचे नुसते ठिपके दिसतील. आजीशेजारी लाव, बरोबर बसंल. पलीकडे कुणीतरी रडत होतं. ओमकार बरं म्हणाला.

फोन ठेवल्यावर तिने पडदा चालू केला. तो त्याच्याकडे वळवला. स्वरूप पुढे झुकून बघत राहिला. लेन्सवर आलेल्या तळहातापाशी त्याची नजर थांबली.

“सगळे बघितलेस?”

“सगळे.”

“पोर कुठं होती?”

“मांडीवर.”

तो उठून मोरीवर गेला, तोंडावर पाणी मारत राहिला, मारत राहिला. दर्शनाने फोटो पुसले, कार्डही कोरं केलं, पुन्हा काही वर येऊ नये असं. लुगड्याचा तुकडा साड्यांखालून काढून धुऊन वाळत घातला. रात्री तो जेवला. पुरे म्हणाला नाही, पण तिने विचारल्याशिवाय बोललाही नाही. चार-पाच दिवस घरात असंच चाललं. मग एका सकाळी त्याने आपणहून पोरीला उचललं आणि म्हणाला, तू बस कामाला, मी हिला फिरवतो.

कार्ड खर्डीच्या बारशाचं होतं. पाळणा, नाव ठेवणाऱ्या बायका, घुगऱ्या. बत्तीसशे तीननंतर बत्तीसशे आठ.

दर्शनाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंगणात तो पोरीला कावळा दाखवत होता. तिने नंबरांच्या रकान्याची कड माऊसने धरली आणि आत ओढली, अरुंद, आणखी अरुंद, आकडे दिसेनासे होईपर्यंत. मग पहिला फोटो उघडला.