डेसाचा वाकडा भांग

दोन मोठ्या स्पर्धा एकाच शनिवारी ठेवणाऱ्या माणसांच्या घरात कॅलेंडर नसतं का हो? एकीकडे आमच्या भागातल्या कॉलेजांची हिवाळी स्पर्धा, इथेच इंडियानात, हॉलमधल्या ट्रॅकवर. दुसरीकडे अख्ख्या देशाची, तीसुद्धा हॉलमध्येच, पण पार न्यू मेक्सिकोला. दोन्हीकडचे साहेब कोट घालून बसतात, कॉफी पितात आणि बरोबर तोच शनिवार निवडतात. पोरींना पाय दोनच असतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझी डेसा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचं खरं नाव ओडेसा, माझ्या आजीचं. आठशे मीटर पळते, म्हणजे हॉलमधल्या ट्रॅकच्या चार फेऱ्या. त्या जानेवारीत ती अशी काही पळाली की देशाच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथे पहिल्या दोघींत आली की देशाचा बनियन घालून जगाच्या स्पर्धेला. मी तर माझ्या केसांच्या पार्लरमध्ये येईल त्या गिऱ्हाइकाला पकडून सांगत होते. कुणी विचारो न विचारो. डोकं माझ्या हातात असलं की जाणार कुठे बिचारी?

पण कॉलेजच्या रिले संघातही डेसाच होती. चौघी पोरी, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या, आणि हीच शर्यत स्पर्धेत सगळ्यात शेवटी. कॉलेजनं भागाचा चषक कधीच जिंकला नव्हता. मागच्या वर्षी अगदी हाताशी आलेला गेला, तेव्हा रोशेल ट्रॅकवरच पालथी पडून रडली होती. रोशेल म्हणजे डेसाची पहिल्या दिवसापासूनची मैत्रीण, खोलीतली जोडीदारीण, रिलेत शेवटी पळणारी. डेसा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "पुढच्या वर्षी आपण जिंकू. शपथ." मी शेजारीच उभी होते. मी ऐकलंय.

आणि आता पुढचं वर्ष आलं होतं.

कोच व्हिटलॉक भला माणूस. तो डेसाला म्हणाला, "देशाच्या शर्यतीला निघालेल्या पोरीला अडवलं तर मी कोच कसला? जा तू. रिलेत विनीला घेतो." विनी पहिल्या वर्षाची, नवीन. डेसानं दोन रविवार घरी येऊन नुसतं ताटातलं चिवडलं. माझ्या हातचं मॅकरोनी-चीज उरलं, यावरून काय ते समजा. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "मॉम, मी जाते."

"जायलाच पाहिजे!" मी म्हटलं. "तुझं तिकीट काढ, माझंही काढ."

"तू नको येऊस."

"काय?"

"तू मुलींबरोबर जा. त्यांच्या वेण्या कोण घालणार?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. डेसा पहिल्या वर्षाला होती तेव्हा पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती घाबरून रडायला लागली. मी हॉटेलवर गेले, तिला माझ्यापुढे जमिनीवर बसवलं आणि डोक्याला घट्ट चिकटलेल्या वेण्या घातल्या, मधून निळा दोरा ओवून. निळा कॉलेजचा रंग. बाकीच्या तिघी दारात उभ्या राहून बघत होत्या. मग काय, त्याही बसल्या. तेव्हापासून दर वर्षी चौघींच्या एकसारख्या वेण्या, निळा दोरा, माझे हात. त्याशिवाय त्या रेषेवर उभ्याच राहत नाहीत.

मी भडकले. "अगं, मी पोटात तुला वाढवलं की तुझ्या अख्ख्या संघाला? तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत, आणि मी दुसऱ्यांच्या पोरींचे भांग पाडत बसू?"

डेसा शांतपणे म्हणाली, "मॉम, त्यांच्याकडून मी आधीच एक गोष्ट काढून नेतेय. तुलाही नेऊ?"

मी भांडी आपटली. मग म्हटलं, "आणि तुझं डोकं?"

"माझं एकच आहे. मी घालीन."

"तुला सरळ भांग तरी पाडता येतो का? कंगवा धरतेस ती फावडं धरल्यासारखा!"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग मी गेले मुलींबरोबर, आणखी काय करणार होते?

आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पुढ्यात जमिनीवर उशी टाकून मी खुर्चीवर बसले. दोघी जुन्या आल्या, बसल्या, झालं. विनी आली, तिला डेसाच्या जागची समजून मी डेसासारखीच वेणी घातली. पोरीचे खांदे असे आखडलेले की मी म्हटलं, "श्वास घे गं बाई, मी दात नाही उपटत." रोशेल मात्र पलंगावर पडून फोन बघत होती.

"ये गं, रोशेल."

"नको, लोरेन आई. मी रबर लावीन."

"रबर? चार वर्षांत कधी रबर लावलंयस?"

"चार वर्षांत असं कुणी सोडूनही गेलं नव्हतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं, चांगलं झणझणीत. माझ्या लेकीला बोलतेस? पण ती पालथी पडून रडलेली पोर माझ्या डोळ्यांपुढे आली. तिचंही काही चुकत नव्हतं ना! मी कंगवा पिशवीत टाकला आणि झोपायला गेले. झोप कसली लागतेय.

शनिवारी हॉलमध्ये नुसता गोंगाट. आमच्या पोरी पळत होत्या, उड्या मारत होत्या, चषक पुन्हा हाताशी आला होता. आता सगळं रिलेवर. आणि तिकडे न्यू मेक्सिकोत, नेमकी त्याच वेळी, डेसाची अंतिम शर्यत. ट्रॅकच्या बाजूला सराव करायच्या जागेत भिंतीला टेकून मी बसले. विनीनं फोनवर तिकडची शर्यत लावून तो हातात धरला, बाकीच्या तिच्या खांद्यावरून डोकावल्या. रोशेल लांब उभी राहून पायाला ताण देत होती. पाठ आमच्याकडे, पण कान कुठे होते ते मला कळत होतं.

फोनवर एकेकीचं नाव पुकारत होते. मोठ्या मोठ्या बायका, बुटांच्या कंपन्यांचे कपडे घातलेल्या. मग माझी डेसा. अंगात आमच्या कॉलेजचा निळा बनियन. तिनं हात वर केला, वळून रेषेकडे गेली आणि कॅमेऱ्यात तिचं डोकं मागून दिसलं.

देवा रे! भांग म्हणजे नदीच. एक वेणी कानाकडे निघालेली, दुसरी मानेवरच अडकलेली, आणि त्या सगळ्या गोंधळातून निळा दोरा, कुठे दोन पदर, कुठे एकही नाही. तरी नक्षी तीच. आमचीच. अख्ख्या देशासमोर ती माझ्या पार्लरची अब्रू घालवत उभी होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला!

"निळा दोरा!" विनी ओरडली. "आपलाच आहे!"

रोशेल आली. बघितलं. मग केसांचं रबर ओढून काढलं आणि माझ्या पुढ्यात फरशीवर धप्पकन बसली.

"लवकर घाला, लोरेन आई. आत्ता बोलावतील."

"आत्ता? अगं, ती पळतेय..."

"दोनच घाला. दोरा आहे ना?"

दोरा असतोच माझ्या खिशात. मी कंगवा काढला. फोन विनीच्या हातात, माझ्या डाव्या बाजूला, आणि वेणी घालताना मी मान वळवत नाही, वळवली तर भांग बिघडतो. म्हणून माझ्या लेकीची सगळ्यात मोठी शर्यत मी कानांनी पाहिली. बंदूक वाजली. विनी किंचाळत सांगत होती, "मागे आहे, मागे आहे... बाहेरून येतेय!" माझी बोटं चालू होती. माझ्या हातांखाली रोशेल मान खाली घालून बसली होती. "पळ गं," ती जमिनीकडे बघून पुटपुटत होती, "पळ गं बये, पळ." मग तिघी एकदम माझ्या अंगावर पडल्या.

"दुसरी! लोरेन आई, दुसरी आली! देशाच्या संघात!"

"अंगावरून उठा," मी म्हटलं. "गाठ मारायचीय." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, गाठ दिसत नव्हती. हातांनीच मारली.

रिलेत आमच्या पोरी छाती फुटेस्तोवर पळाल्या. विनी अशी पळाली की कुणाच्या बापाला खरं वाटलं नसतं. रोशेलनं शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकलं, तिसरीला गाठता आलं नाही. चषक पुन्हा गेला, थोडक्यात गेला. डेसा असती तर? हे सगळ्यांच्या मनात आलं असणार, माझ्याही आलं. या वेळी रोशेल पालथी पडली नाही. उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, विनीला जवळ घेऊन.

थोड्या वेळानं डेसाचा फोन आला.

"मॉम! पाहिलंस?"

"तुझा भांग पाहिला. लाज आणलीस."

"आणि शर्यत?"

"शर्यत नाही पाहता आली गं. माझे हात अडकले होते. रोशेलच्या वेण्या घालत होते."

देशाच्या संघात गेलेली माझी लेक, मागे माणसांचा, टाळ्यांचा आवाज चाललेला, आणि तिनं अगदी लहानपणच्या आवाजात विचारलं,

"रोशेल बसली?"

"बसली."

"खरंच बसली, मॉम?"

मी फोन रोशेलच्या हातात दिला.