डुलक्याचा फोटो

माझ्या भावाला सगळी गल्ली डुलक्या म्हणायची, कारण तो कुठेही झोपायचा. मोटरींच्या ढिगावर पाय टाकून, तारेच्या भेंडोळ्यावर डोकं ठेवून, एकदा तर गिऱ्हाईक तक्रार सांगत असताना उभ्या उभ्या. आमचं दुकान जळालेल्या मोटरी बांधायचं. आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची भरायची, वर वार्निश पाजायचं आणि भट्टीत सुकवायचं. दुकानात आम्ही तिघं. बाबा, डुलक्या आणि मी. बाबा त्याला म्हणायचे, "अरे, तुझ्यापेक्षा ही जळकी मोटर जास्त फिरते."

मग डुलक्या झोपेनासा झाला आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला.

चेष्टा नाही करत. आमच्या गल्लीत माणसाची लायकी एकाच गोष्टीवरून ठरते, त्याचं शटर किती उशिरा पडतं त्यावरून. आजारी पडला तर नाटकी. दुपारी आडवा झाला तर आयतोबा. त्यामुळे डुलक्याने रात्रंदिवस मोटरी बांधायला घेतल्या तेव्हा कोणी विचारलं नाही की बाबा रे, तुला झालंय तरी काय. त्याचा गोरा रंग राखेसारखा झाला, गालफडं बसली, पँट दोरीने बांधावी लागली. शेजारी म्हणाले, पोरगा मार्गाला लागला. समोर लेथ मशीनवर लोखंड कातणारे लेथवाले काका, बाबांचे जिगरी दोस्त, स्वतःच्या धाकट्याला, म्हणजे बारक्याला, आमच्या दारात आणून उभं करायचे. "बघ, बघून घे जरा! कालपर्यंत घोरत पडायचा हा. माणूस मनावर घेतो तेव्हा असा असतो."

बाबांची छाती फुगायची. "याला कामाचीच नशा चढलीय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

डुलक्याने नीट चालणाऱ्या मोटरीही उघडल्या. घरातलं घड्याळ उघडलं, पंखा उघडला, माझं शिलाई मशीन उघडलं आणि सगळे स्क्रू फरशीवर रांगेत मांडून ठेवले. मी ओरडले तर बाबा माझ्यावरच डाफरले, "पोराचे हात शिवशिवतात, तुझं काय जातंय?" तो रात्रभर दात करकरायचा. हाताची कातडी खाजवून खाजवून सोलून काढायचा आणि म्हणायचा, "ताई, आत किडे फिरतायत. थांब, दाखवतो तुला." बाबा म्हणाले, वार्निशची ॲलर्जी, हातमोजे घाल. त्याच्या अंगाला जळकट औषधी वास यायचा. आमच्या दुकानाला जन्मापासून वार्निशचा वास, त्यात तो वास कोणाला वेगळा कळणार? माझे बाबा रस्त्यावरून जाताना वासावरून सांगायचे, कुणाच्या घरात मोटर जळतेय. त्यांचं स्वतःचं पोर चार हातांवर जळत होतं.

भर सकाळी, पंख्याची मोटर मांडीवर घेऊन बसलेला असताना, तो बाजूला कलंडला. आम्हाला वाटलं, झोपला एकदाचा. मी त्याच्या अंगावर चादरसुद्धा टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. मेथ नावाची नशा. काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे असतात, पोरं त्यांचा धूर ओढतात. हृदय फुटेस्तोवर पळवलंय त्याने. बाबांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांना हात जोडले आणि बाहेर येऊन थांबलेल्या माणसांना म्हणाले, "काम करता करता गेला माझा लेक."

गल्लीने ते उचलून धरलं. कारागिरांच्या संघाने हॉलमध्ये त्याचा मोठा फोटो लावला, कामावर वाकलेला, खाली रंगवून घेतलं, 'कष्टाचा आदर्श'. मी तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं. मेलेल्याची काय लाज काढायची, असं वाटायचं. पण काही महिन्यांनी समोरची लेथ जेवणाच्या सुट्टीतही थांबेनाशी झाली. बारक्याची मान काडीसारखी झाली. लेथवाले काका दुकानात येऊन बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या डुलक्याचं बघून आमचंही रत्न सुधारलं रे. झोपतच नाही लेकाचं!"

बाबांच्या हातातली तार तुटली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तर त्यांनी पाठ फिरवली.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाई हॉलमध्ये या नशेची माहिती द्यायला आल्या. आसपासच्या कारखान्यांतून पोरं यायला लागली होती त्यांच्याकडे, काही परत न जाणारी. खुर्च्या भरल्या, कारण चहा होता. नर्सबाई नेमक्या डुलक्याच्या फोटोखाली उभ्या राहिल्या.

"लक्षणं सांगते. झोप उडते, भूक मरते. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतात. चालू वस्तू उघडून बसतात. दात किडतात. सगळे आपल्यावर टपलेत असं वाटायला लागतं."

"अहो सिस्टर," लेथवाले काका मागून ओरडले, "पहिली चार तर चांगल्या कारागिराची लक्षणं झाली! दाताचं आम्ही बघून घेऊ."

हॉल हसला. काका आणखी चढले. "आमच्या बारक्याला विचारा. त्याला कामाचीच नशा चढलीय!"

शब्दन्‌शब्द बाबांचं वाक्य. मला राहवेना. मी उठले. बाबांनी माझा हात धरून खाली ओढला, "बस. बस म्हणतो ना!" मी नाही बसले.

"माझा भाऊ कामाने मेला नाही," मी म्हणाले. "त्या खड्यांनी मेला. डॉक्टरांनी आम्हाला तोंडावर सांगितलंय. काका, तुमच्या बारक्याला आजच्या आज दवाखान्यात न्या."

काकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. "काय रे? काय म्हणते ही?"

बाबा उभे राहिले. वर फोटोकडे पाहिलं.

"खोटं बोलते," ते म्हणाले. "भाऊ गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

घरी जाताना आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चाललो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला गल्लीतली सगळी यंत्रं थांबली. फक्त समोरची लेथ कोकलत होती. काका रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आले आणि उपड्या डब्यावर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"काल तू 'खोटं बोलते' म्हणालास म्हणून मी शांत होतो," ते बाबांना म्हणाले. "रात्री घरी तो हसला. मी किती दिवसांनी त्याचे दात बघितले. डुलक्याचे... शेवटी दात कसे होते रे?"

बाबा वार्निशचा ब्रश पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

"काळे," ते म्हणाले. "मुळापासून. मी त्याला म्हणालो, गोड कमी खा."

मग ते उठले, वार्निशच्या डब्यांमागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक काचेची नळी काढली. एका टोकाला काचेचाच फुगवटा, आतून काळी करपलेली, खड्यांचा धूर ओढायची. डुलक्याची. बाबांनी ती इतके महिने लपवून ठेवली होती, मलाही कळू दिलं नव्हतं.

काकांनी ती हातात घेतली, उजेडात धरली. त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "अशीच एक आमच्याकडे आहे. त्याच्या टूलबॉक्समध्ये. मला वाटलं, लेथच्या ऑइल-गेजची फुटकी काच. मीच त्याला म्हणालो, नवी बसवून घे."

लेथ कोकलत होती. बाबा म्हणाले, "ऊठ. माझ्यासारखा बसून राहू नकोस."

दोघं म्हातारे रस्ता ओलांडून गेले. मी दारातून बघत होते. काकांनी मेन स्विच खाली ओढला. लेथ रडत रडत थांबली आणि त्यामागून बारक्याचा आवाज आला, जनावरासारखा. माझी लेथ चालू करा, तुम्ही सगळे त्यांना मिळालेले आहात, मला मारायला आलात. त्याने पाना उगारला. काकांना लागला असता, पण बाबा मध्ये गेले आणि खांद्यावर घेतला. मग दोघांनी मिळून त्याला मिठीत दाबून धरलं. तो वाळका जीव, पण दोघांना आवरेना. मी नर्सबाईंना बोलवायला धावले.

बारक्या अजून दवाखान्यात आहे. एकदा पळून गेला होता, पुन्हा आणला. नर्सबाई कसलंही वचन देत नाहीत. काका म्हणतात, वाचेल. मला माहीत नाही.

बाबांनी हॉलमधला फोटो खाली काढला तेव्हा संघाच्या लोकांनी भांडण केलं. अपमान झाला म्हणे गल्लीचा. बाबांनी त्याच चौकटीत दुसरा फोटो घातला आणि स्वतः खिळा ठोकला. डुलक्या मोटरींच्या ढिगावर पसरलाय, तोंड उघडं, लाळ गळतेय, एक चप्पल पायातून निसटलेली.

"झोपलेल्या माणसाचा फोटो कोणी हॉलमध्ये लावतं का?" संघाचा अध्यक्ष ओरडला.

"माझा मुलगा असाच होता," बाबा म्हणाले. "आळशी होता. चांगला होता."

मग ते खुर्चीवर बसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. दुखरा खांदा सोडून दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला.