उणे ऐंशीतली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. लोखंडाची नव्हे. मी एक प्रथिन आहे, डोळ्यांना न दिसणारे.

तुमच्या प्रत्येक पेशीत माझ्या बहिणी झोपलेल्या असतात. पेशी बिघडली की त्यांना जाग येते आणि त्या तिला आतून नीट, शांतपणे कातरतात. आईच्या पोटात तुमची बोटे एकमेकांना चिकटलेली होती. ती सुटी करायच्या कामात आम्हीही होतो. घाबरू नका. पण आम्ही नको तिथे जाग्या झालो, तर घाबरायला हवे.

सदतीस अंश

माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूंच्या पोटात घातली गेली. त्या बापड्यांनी मला इमानाने घडवले. मग माणसांनी त्यांना फोडून मला बाहेर काढले, गाळले आणि बोटाच्या पेराएवढ्या चाळीस नळ्यांत वाटले. मी चाळिसावी. शेवटची म्हणून माझ्या वाट्याला थेंब कमी आले.

उणे ऐंशी अंश

फ्रीजरमध्ये बर्फाची दाढी वाढवत मी तीन वर्षे उभी होते. प्रयोगशाळेत एका औषधाची तपासणी चाले. माझ्या बहिणी काहींच्या यकृतात खवळून उठतात आणि चांगल्या पेशी कातरत सुटतात. हे औषध त्यांना आवरते. प्रत्येक नवी खेप आधी आमच्यावर तपासायची, मगच दवाखान्यात पाठवायची.

रीत सोपी होती. एका वाटीत आम्ही एकट्या. प्रत्येक वाटीत कातरायला एक धागा असे; तो आम्ही कातरला की निळा उजेड पडे. शेजारच्या तीन वाट्यांत आम्ही आणि औषध. तिथे अंधार राहिला, तर औषध खरे.

तपासणी ताई करत. मांडामांड काका करत, तिथले सगळ्यात जुने मदतनीस.

"ताई, उजेडाची वाटी आधी."

"काका, तुम्ही माझ्या सासूच्या वर आहात."

"सासूला फ्रीजरची किल्ली कोण देतं? मला दिलीय."

एकेक करून माझ्या एकोणचाळीस बहिणी खर्ची पडल्या. नव्या नळ्या यायला तीन आठवडे होते. नेमकी तेव्हाच औषधाची नवी खेप आली, आणि ती मिळणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव काकूंचे होते. म्हणजे काकांच्या बायकोचे. डॉक्टरांनी काकांना सांगितले होते, "पंधरा दिवस काढतील. फार तर."

चार अंश. मग बारा. मग सव्वीस.

सकाळी काकांनी मला बर्फात रोवून खिडकीपाशी ठेवले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, आई मला ओळखत नाहीये."

काका जिन्यावर धावले. परतले तेव्हा ऊन टेबलावर आले होते आणि मी कोमट पाण्यात तरंगत होते. पेशीबाहेर ऊब आम्हाला फार वेळ सोसत नाही; माझी घडी उसवली होती. आमची पाती निखळतात तेव्हा आवाज होत नाही.

काकांनी पाण्यात बोट बुडवून पाहिले. दाराकडे पाहिले. मग पाणी ओतून दिले आणि माझ्याभोवती ताजा बर्फ रचला.

ताई आल्या. नळी उजेडात धरून म्हणाल्या, "अहो, ही तीनच वाट्यांपुरती आहे. उजेडाची वाटी आज वगळू या का? शुक्रवारच्या नळीचा उजेड काय लख्ख होता!"

एरवी काकांनी घर डोक्यावर घेतले असते.

"वगळा," काका म्हणाले.

तिन्ही वाट्यांत अंधार राहिला.

"काका! जमलं! काकूंचं औषध पक्कं आहे!" ताईंनी टाळी वाजवली आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "उद्या सकाळी सुरू करतो."

फोन ठेवता ठेवता ताई थबकल्या. "काका, बर्फ नीट होता ना?"

काका वाट्या धूत होते. नळ वाहत राहिला.

"होता," ते म्हणाले.

अंश कोणी मोजले नाहीत

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. मी कातरले नाही, हे खरे. पण मला औषधाने आवरले, की मी आधीच मेले होते? औषध अस्सल असेल, किंवा नुसते पाणीही असेल. मलाही ठाऊक नाही. मेलेल्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका, मित्रांनो. उजेडाची वाटी कधी वगळू नका. जी वगळावीशी वाटते, तिच्यापासून तर मुळीच हलू नका.

काका जाताना डब्यापाशी थांबले होते. त्यांनी मला उचलले, कानाशी धरले, परत ठेवले. उद्या त्या औषधाचा पेला काकूंच्या ओठांना तेच लावणार आहेत.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. काका अजून जिन्यातच असतील. कोणीतरी त्यांना पुन्हा एकदा विचारा.