कागद बघितल्याशिवाय

बारक्याला पोलिसांनी धरून नेलं, हे सांगायला इस्त्रीवाले काका रस्ता ओलांडून धावत आले तेव्हा ताईच्या हातात कानस होती आणि शेगड्याच्या पकडीत आवळलेली अर्धी किल्ली. ती किल्ली तिने घासून पूर्ण केली आणि मगच उठली. याचं तिला पुढे फार वाईट वाटलं. पण त्या वेळी तिची पक्की समजूत होती, की काहीतरी गफलत झालीय, आपण जाऊन दोन शब्द बोललो की मिटेल.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी एकदा पडलेलं नाव काही सुटलं नाही. वडील गेल्यावर कुलपांचं दुकान ताईच्या अंगावर आलं आणि बारक्याही. कुलपाच्या पोटात तार घालून कान कसा लावायचा, हे तिनेच त्याला शिकवलं. वडिलांचा नियमही शिकवला: कुणी घर उघडून मागितलं तर आधी घराचा कागद बघायचा, कागद नसेल तर शेजाऱ्याला हाक मारायची. त्या नियमाची पाटी दुकानात दर्शनी टांगलेली होती आणि ताई ती रोज पुसायची.

चौकीतला फौजदार सभ्य निघाला, तेच नडलं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं. मंगळवारी एक माणूस बारक्याला एका घरी घेऊन गेला. बारक्याने दार उघडून दिलं. घर त्या माणसाचं नव्हतंच. संध्याकाळी मालक परत आले तर कपाट रिकामं. तो माणूस अजून सापडलेला नाही.

"तुमचा भाऊ म्हणतो, मी काही विचारलंच नाही. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती, भाजी होती, मला वाटलं त्याचंच घर."

ताईची कानशिलं तापली. विचारलं नाही? वडिलांच्या दुकानाची शोभा अशी चारचौघांत?

"शक्यच नाही साहेब," ती म्हणाली. "तीस वर्षं झाली, आमच्याकडे कागद बघितल्याशिवाय कुलपाला हात लागत नाही. घर कुणाचं ते बघितल्याशिवाय माझा भाऊ दार उघडणार नाही. कधीच."

"कधीच?"

"कधीच म्हणजे कधीच."

फौजदाराने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. तिने खाली ठसठशीत सही केली.

घरी येऊन तिने दिवा लावला. रोज सकाळी शटर उघडण्याआधी ती देवापुढे म्हणायची, आज जिभेवर खोटं येऊ देणार नाही. आणि दिवेलागणीला हात जोडून सांगायची, आलं नाही. त्या दिवशीही तिने तसंच सांगितलं आणि तिला जरासुद्धा काही टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना बरोबर घेऊन ती वकील शोधायला निघाली. काकांच्या ओळखीचा पहिला वकील घरांची खरेदीखतं करणारा निघाला. "बाई, मी भिंती वाटतो, माणसं सोडवत नाही," तो म्हणाला. "रोज फौजदारी कामं करणारा बघा. आणि लाजू नका, असे किती जामीन मिळवलेत ते तोंडावर विचारा." दुसरा कोर्टाच्या पायऱ्यांवरच भेटला. काय झालंय ते ऐकायच्या आधीच म्हणाला, "दुपारी भाऊ घरी. माझी गॅरंटी."

काकांनी ताईच्या कोपराला धरून तिला बाजूला घेतलं. "चला. हा नाडी न बघताच पुडी बांधतोय."

तिसऱ्या वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची लहानशी खोली होती. फायलींच्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं, म्हणून दाराच्या कड्या सुतळीने बांधलेल्या. ताईची नजर तिथेच अडकली.

"ते नंतर," वकीलबाई हसल्या. "आधी भाऊ."

त्यांनी तास घेतला. बारीकसारीक विचारत गेल्या आणि मध्येच ताईलाही समजावत गेल्या. "जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला, असं नाही हं. गुन्हा केला की नाही, ते कोर्ट पुढे ठरवेल. आत्ता प्रश्न एवढाच, की तोवर त्याला आत ठेवायची गरज आहे का. पळून जाईल का, पुरावा नाहीसा करेल का, साक्षीदारांना फितवेल का. तसं नाही हे पटलं आणि भरवशाचं कुणी जामीनदार म्हणून मागे उभं राहिलं, की अटी घालून सोडतात."

"मी राहते ना उभी."

"बघू. पोलीस त्याच्यापर्यंत पोचले कसे?"

"आमच्या स्टिकरवरून. उघडून दिलेल्या प्रत्येक दारावर आम्ही दुकानाचा नंबर चिकटवतो. त्यानेही चिकटवला."

वकीलबाई मोठ्याने हसल्या. "चोरी करून स्वतःचा फोन नंबर ठेवून जाणारा चोर मी पहिल्यांदाच बघते! हे छान आहे. हे मी जजसाहेबांना सांगणार."

ताईचा जीव भांड्यात पडला. उत्साहाने ती म्हणाली, "आणि मीसुद्धा चौकीत ठणकावून सांगितलंय." तिने सगळं सांगितलं, अगदी 'कधीच म्हणजे कधीच'सकट.

वकीलबाईंचं पेन थांबलं.

"तो काय म्हणतोय? मी विचारलं नाही, मला माहीत नव्हतं. बरोबर?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणता, तो विचारल्याशिवाय उघडतच नाही. मग त्याने विचारलं असणार. मग घर परक्याचं आहे, हे त्याला माहीत असणार."

काका जमिनीकडे बघत राहिले.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," ताई म्हणाली.

"ते मला कळतंय. कागदाला कळत नाही. आणि ताई, ते खरं तरी आहे का? कधीच नाही?"

ताईला जिन्यात बसून राहिलेले ते आजोबा आठवले, ज्यांना बारक्याने काही न विचारता दार उघडून दिलं होतं. मग कडेवर रडकं पोर घेतलेली ती बाई. दोन्ही वेळा तिने बारक्याला फैलावर घेतलं होतं. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला होता, "अगं, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास तू."

"दोनदा," ती पुटपुटली. "मला माहीत होतं."

मग चौकीत का नाही सांगितलंत, असं वकीलबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ताईला सांगावं लागलं असतं, की त्या खुर्चीत बसून तिने भावाला वाचवलं नव्हतं. पाटीला वाचवलं होतं.

"चौकीत जायच्या आधी आला असतात," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तर मी एवढंच सांगितलं असतं, वकिलाला विचारून बोलते म्हणा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

स्टिकरने काम केलं. जजसाहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला आणि जामीन मंजूर झाला. अटी वाचल्या गेल्या: दर सोमवारी चौकीत हजेरी, शहर सोडायचं नाही, कुलपांच्या कामाला हात लावायचा नाही, साक्षीदारांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. ताई घराचे कागद घेऊन जामीनदार म्हणून पुढे झाली. कारकुनाने साक्षीदारांच्या यादीवर बोट ठेवलं.

"तुम्हाला नाही होता येणार. चौकीत जबाब दिलाय, तुम्ही सरकारी साक्षीदार आहात."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं: साक्षीदारांशी संपर्क नाही, म्हणजे तिच्याशीही नाही. काका पुढे झाले, म्हणाले, "मी राहतो जामीन. राहील माझ्याकडेच." तिने घडी करून आणलेला बारक्याचा शर्ट वकीलबाईंपुढे धरला आणि नजरेनेच विचारलं.

"शर्ट चालेल," वकीलबाई म्हणाल्या. "शब्द नाही. अट सैल करायला अर्ज देऊ, पण वेळ लागेल. आणि साक्षीला उभ्या राहाल तेव्हा ते दोनदाचंही सांगा."

"म्हणजे सही करून खोटं बोलले, असं सांगायचं."

"हो. त्याचा उपयोग होईलच असं नाही. पण सांगा."

आता बारक्या रस्त्यापलीकडे इस्त्री करतो. ताईच्या दुकानाचं शटर डावीकडून अडकतं. पूर्वी तो खालून लाथ मारायचा आणि ती वर ढकलायची. पहिल्या सकाळी शटर अडकलेलं दिसलं तसा तो सवयीने रस्त्याच्या कडेपर्यंत आला. तिथे थांबला. मग परत फिरून इस्त्रीला लागला. ती एकटीच रेटत राहिली.

दिवा ती लावते. सकाळचं बोलणंही देवाशी होतं. दिवेलागणीला मात्र हात जोडते आणि काही म्हणत नाही.

परवा एक गिऱ्हाईक पाटी वाचून कौतुकाने म्हणालं, "कडक नियम आहे हो तुमचा. कधीच मोडत नाही म्हणे?"

समोर बारक्याची पाठ दिसत होती.

"मोडलाय," ताई म्हणाली. "तीनदा. दोनदाचं मला माहीत होतं." आवाज रस्ता ओलांडून जाणार नाही, इतक्या हळू.