गॉसिपचं कूळ

उत्तराताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आल्हादनं स्वानंदीला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. "माझी बहीण मनानं सोनं आहे," तो म्हणाला होता, "पण तिला काही सांगायचं म्हणजे पंचवटीत दवंडी पिटायची."

स्वानंदीनं ते हसण्यावारी नेलं आणि ठेच खाल्ली. दिवस राहिल्याचं तिनं दुसऱ्याच महिन्यात हौसेनं नणंदेला सांगितलं. तीन महिने सरेपर्यंत अशी बातमी उंबऱ्याबाहेर काढायची नाही, ही रीत उत्तराताईंना काय ठाऊक नव्हती? पण दुसऱ्या दिवशी स्वानंदी भाजीला गेली, तर भाजीवाल्या लताबाईंनी पिशवीत दोन कैऱ्या जास्तीच्या टाकल्या. "खा गं बाई, आता आंबटच गोड लागंल," म्हणाल्या आणि वर डोळाही मारला!

घरी आल्या आल्या स्वानंदीनं फोन लावला. "ताई, तुम्ही म्हणजे ना, एक नंबरच्या गॉसिप आहात!"

आपण बोललो ते जरा जास्तच झालं, असं स्वानंदीला वाटलं. पण उत्तराताई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आणि एखादा शब्द हाती लागला की रागवायचं राहूनच जायचं त्यांचं.

"अगं, किती खानदानी शब्द आहे हा! जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब'. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे नात्यातला. सिब्लिंगमधला सिब तोच बरं का. चर्चमध्ये बाळाच्या नामकरणाला जो देवासमोर त्याचा आप्त म्हणून उभा राहतो, तो गॉसिप. पुढे बाईच्या बाळंतपणाला उशापायथ्याशी बसणाऱ्या जिवाभावाच्या मैत्रिणी, त्याही गॉसिप. आता कळा सुरू झाल्या की बायका तासन्तास एका खोलीत, दार लावलेलं. बोलणार नाहीत तर काय करतील? आणि बाहेर नवरा ताटकळतोय. माझं आपलं मत, त्यानंच उठवलं असणार की ह्या आत नुसत्या चकाट्या पिटतायत. झालं! बडबड्या बाईला गॉसिप म्हणायला लागले आणि शेवटी बडबडीलाच."

"ताई, मी तुमच्यावर चिडलेय," स्वानंदी म्हणाली.

"चिड ना. पण नाव ठेवायला उभी राहणार कोण? आत्या. म्हणजे मी गॉसिप आहेच! थँक्यू हं."

फोन स्पीकरवर होता. स्वानंदीचे सासरे, नाना, झोपाळ्यावर बसून ऐकत होते. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांची कुळं सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. "इंग्रजी शब्दांचंही कूळ काढते म्हणजे पोरगी आमचीच," ते म्हणाले आणि खूश होऊन झोका घेतला. स्वानंदीचा राग तसाच वाऱ्यावर राहिला. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला, की पुन्हा या बाईला काही सांगायचं नाही.

सातव्या महिन्यात स्वानंदीची आई गेली. काही दुखणं नाही, खुपणं नाही, दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. वडील आधीच गेलेले, त्यामुळे माहेरच्या दाराला कुलूप लागलं आणि पहिलं बाळंतपण नाशकातच करायचं ठरलं. डोहाळजेवणही झालं नाही. स्वानंदीनं मनाशी एकच गाठ बांधली. मुलगी झाली, तर तिचं नाव मोहिनी. आईचं नाव.

पण हे बोलणार कुणाजवळ? या घरात नाव पत्रिकेतल्या अक्षरावरून ठेवायचं, आणि आजोळच्या माणसाचं तर आजवर कुणी ठेवलं नव्हतं. आल्हादला सांगावं, तर तो आधी नानांना विचारणार. नाना रागावणार नाहीत, पाठीवरून हात फिरवत समजूत घालतील, आणि असा प्रेमानं दिलेला नकार मोडायला तिच्या अंगात बळ नव्हतं. उत्तराताईंचा तर प्रश्नच नव्हता.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आल्हाद ओझरहून कारखान्यातून निघाला आणि द्वारका चौकातल्या गर्दीत अडकला. दवाखान्यात स्वानंदीजवळ कुणीतरी बाईमाणूस हवं होतं. उत्तराताई तास अर्धा टाकून धावत आल्या, आणि लेबर रूममध्ये शिरल्यापासून नर्सशी, डॉक्टरांशी, स्वानंदीशी, जन्माला यायच्या बाळाशी, सगळ्यांशी बोलतच राहिल्या. संध्याकाळी मुलगी झाली.

नानांनी पत्रिका मांडली. रोहिणी नक्षत्र, अक्षर व. "वल्लरी," ते म्हणाले. घरात सगळ्यांना आवडलं. स्वानंदीही "छान आहे" म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून रडली. बाळंतिणीला येतंच असं रडू, म्हणून कुणी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. पाळण्यामागे फुलांचा पडदा, त्यावर थर्माकोलच्या अक्षरांत नाव, आणि नावावर जरीची ओढणी. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की आल्हादनं ओढणी ओढायची, अशी सगळी योजना. बायकांनी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळाला पाळण्याखालून दिलं-घेतलं. उत्तराताई नऊवारी सावरत वाकल्या, "कुर्रर्र" म्हणाल्या, बाळाच्या कानात नाव कुजबुजल्या, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. भाजीवाल्या लताबाईंचा धपाटा तर अंगणापर्यंत ऐकू गेला.

उत्तराताई सरळ झाल्या. "मोहिनी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

आल्हादनं ठरल्याप्रमाणे ओढणी ओढली. मागे भलंथोरलं वल्लरी.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. "उत्तरा, हे काय?" नाना म्हणाले, "अक्षर व आहे. पुन्हा सांग कानात."

"पुन्हा कसं?" लताबाई पुढे झाल्या. "आमच्या नातवाच्या येळेला आत्या भलतंच बोलून गेली, तवा तुमीच बोलला व्हता नाना, कानात गेलं त्ये नाव. देवाला बी फिरवता येत नाय, म्हनला व्हता."

जन्मभर लोकांना सांगितलेलं आता गिळायचं कसं? नानांनी एकदा मुलीकडे पाहिलं, मग स्वानंदीकडे. ती पाळण्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मोहिनी हे विहीणबाईंचं नाव, हे नानांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"कानात गेलं ते नाव," नाना घसा खाकरून म्हणाले. "'व' पत्रिकेत राहील. आल्हाद, ती अक्षरं काढ. घुगऱ्या वाटा रे!"

गडबड ओसरल्यावर स्वानंदीनं नणंदेला आतल्या खोलीत गाठलं. "ताई, मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं."

"मला सांगितलंस की. कळांच्या भरात. माझं मनगट पिरगाळून म्हणालीस, माझी आई परत येतेय, तिला मोहिनीच म्हणायचं. तू शुद्धीत कुठे होतीस!"

"आणि तुम्ही इतके दिवस कुणाला बोलला नाहीत? नानांना? आल्हादला?"

"बोलले असते, तर सगळ्यांनी मिळून तुला समजावलं असतं," उत्तराताई म्हणाल्या. "आणि बाळंतिणीच्या खोलीत ऐकलेलं बाहेर काढायचं नसतं गं. जीव नुसता फुटायला आला होता माझा."

स्वानंदीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळं, मोठ्यानं रडली, आणि उत्तराताई तिला धरून कितीतरी वेळ एक अक्षर न बोलता बसून राहिल्या.